बोध्या

प्रत्येक मित्रमंडळात एक पैसे न काढणारा असतो, एक वेळेवर न येणारा असतो आणि एक डोंगरावरून बदलून येणारा असतो. पहिल्या दोघांची सवय होते. तिसऱ्याची होत नाही, कारण तो दर खेपेला वेगळाच होऊन येतो. आमच्यातल्या ह्या तिसऱ्याला आम्ही बोध्या म्हणतो. त्याचं पाळण्यातलं नाव विमा कंपनीच्या हजेरीत आणि सासुरवाडीत चालतं.

बोध त्याला सपाटीवर होत नाही. पर्वतीवर त्यानं प्रयत्न करून पाहिला. पण तिथं पायरीपायरीला कोणीतरी ओळखीचं भेटतं, ‘काय, डॉक्टरांनी सांगितलंय वाटतं?’ असं विचारतं आणि अंतर्मुख होऊ पाहणारा माणूस पुन्हा बहिर्मुख होतो. हनुमान टेकडीवर कुत्री मागे लागली. तेव्हापासून त्याचा सिद्धान्त असा, की आत्म्याला निदान हजार मीटर तरी उंची लागते. त्याखाली होतो तो नुसता व्यायाम.

पहिला बोध कळसूबाईचा. 1646 मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. बोध्यानं सुरुवातच वरून केली. ‘नवरात्रात जाऊ, शक्तीचे दिवस असतात,’ असं सांगून त्यानं आम्हाला बारी गावात नेऊन उभं केलं. नवरात्रात कळसूबाईला पंचक्रोशीतून माणसं देवीच्या दर्शनाला येतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. एकांताच्या शोधात निघालेला बोध्या लोखंडी शिड्यांवर रांगेत उभा राहिला. त्याच्या मागे नऊवारीतल्या एक आजी होत्या, पायात काही नाही, कडेवर नातू. त्यांनी पहिल्या शिडीला ‘जरा सर रे बाबा’ म्हणून त्याला मागे टाकलं. दर्शन घेऊन उतरताना त्या आम्हाला पुन्हा भेटल्या, तेव्हा त्यांनी खरोखरच्या काळजीनं विचारलं, “अजून हितंच का?”

वर पोचल्यावर बोध्यानं डोळे मिटले आणि गंभीर आवाजात म्हणाला, “आत्ता ह्या क्षणी महाराष्ट्रात माझ्यापेक्षा उंचावर कोणी नाही. आणि तरी बघ, अहंकार किती क्षुद्र वाटतोय.”

त्याच्या शेजारी देवळाच्या कठड्यावर एक पोरगं पाय हलवत खोबरं खात बसलं होतं. ते त्याच्यापेक्षा चांगलं दोन फूट उंचावर होतं. आम्ही बोललो नाही.

कळसूबाईचा बोध ‘अहंकार सोडणे’ असा होता. सोमवारी बोध्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मुद्दाम रांगेच्या शेवटी उभा राहिला. मंगळवारीही राहिला. बुधवारी त्याच्या लक्षात आलं, की आपण शेवटी उभे राहतोय हे कोणाच्या लक्षातच येत नाहीये. गुरुवारी त्यावरून भांडण झालं. पुढं तोरणा झाला. तिथला बोध ‘निर्भयता’. तो खाली वेल्ह्यापर्यंतही पुरला नाही, कारण परतीच्या वाटेवर गवतातून काहीतरी सळसळत गेलं. राजगडाचा बोध ‘मौन’. त्या आठवड्यात त्यानं व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं होतं : ‘मी मौनात आहे. अर्जंट असेल तर फोन करा.’

इथं मला खटकणारी एक गोष्ट सांगून टाकतो. गो. नी. दांडेकर आयुष्यभर किल्ल्यांवर हिंडले. राजगडावर तर त्यांचा जीव जडलेला. त्यांनी ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली. तिच्यात गड आहेत, वाटा आहेत, वाटेत भेटलेली माणसं आहेत. स्वतःत किती टक्के सुधारणा झाली याचा तक्ता नाही. त्यानंतर आनंद पाळंद्यांची ‘डोंगरयात्रा’ सॅकमध्ये घालून, पायात हंटर बूट चढवून, मुक्कामाच्या एसटीनं पायथ्याच्या गावात उतरणारी एक पिढी होऊन गेली. तिनं डोंगरावरून पायाचे फोड, रुमालभर करवंदं आणि एखाद वेळी ताप, याखेरीज काही आणल्याचं मला माहीत नाही. हल्ली मात्र डोंगर शिकवतो असं सगळ्यांनी धरूनच चाललंय. कंपन्या आपल्या माणसांना नेतृत्वगुण आणायला शनिवारी गडावर पाठवतात, रविवारी सर्टिफिकेट देतात. जो तो स्वतःला शोधायला निघतो. आणि अंधार पडला, की त्याला शोधायला लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ची पोरं दोर घेऊन निघतात.

तर बोध्या. मागच्या हिवाळ्यात त्यानं हरिश्चंद्रगड काढला. ‘हरिश्चंद्रगड : अंतर्यात्रा’ असा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. त्यात आम्ही चौघं : बोध्या, मी, डॉक्टर आणि सीए. डॉक्टर दातांचा आहे. रागीट म्हणून प्रसिद्ध आहे. पेशंटनं उगाच ‘आई गं’ म्हटलं तरी त्याला ते आपल्या हुन्नराचा अपमान वाटतं. सीए खऱ्या अर्थानं सीए आहे. एकत्र चहा प्यायलो तर कोणी बिस्किट बुडवलं आणि कोणी नाही, हे तो लक्षात ठेवतो. ग्रुपवर बोध्यानं यादी टाकली. ‘काय आणू नये : अपेक्षा, भीती, भूतकाळ.’ काय आणायचं, हे त्यानं सीएवर सोडलं.

पहाटे पुणं सोडलं. नारायणगावला मिसळ झाली, ओतूर मागे पडलं, खुबी फाट्याला गाडी वळली आणि पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या कडेनं खिरेश्वरात पोचलो. हरिश्चंद्रगडाला सोप्यात सोपी वाट पाचनईची. अवघड वाट नळीची. ती आमच्यासारख्यांनी फोटोतच बघावी. खिरेश्वरची वाट टोलारखिंडीतून जाते, लांबची आहे आणि घाम काढते. बोध्यानं हीच निवडली होती. “पाचनईनं जाणं म्हणजे गाइड वाचून परीक्षा देणं,” असं त्याचं म्हणणं.

खिरेश्वरात बोध्यानं डिकीतून सॅक काढली आणि आम्ही तिघंही क्षणभर गप्प झालो. साठ लिटरची सॅक होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना आणखी काय काय लोंबत होतं. घडीची खुर्ची. डास मारायची रॅकेट. गरम पाण्याची रबरी पिशवी. किलोभर भडंग. चार पुस्तकं, त्यातलं एक आयुष्यातलं ओझं कमी कसं करावं याबद्दलचं आणि चारांत सगळ्यांत जाड.

पहिल्या टेकाडाला त्यानं पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे दिल्या. “तुला तहान लागली तर बिनधास्त पी,” म्हणाला. दुसऱ्या चढाला खुर्ची डॉक्टरकडे गेली. नंतर पुस्तकं सीएकडे. मग भडंग, पण ते आम्ही मागून घेतलं. टोलारखिंडीच्या अलीकडे सॅकच माझ्या छातीवर आली, पाठीवर माझी होतीच. बोध्याच्या हातात एक काठी राहिली. खिंडीत पोचल्यावर त्यानं दोन्ही हात पसरले.

“कसं हलकं वाटतंय रे. हा डोंगर माणसाकडून सगळं काढून घेतो.”

“डोंगरानं नाही घेतलं,” सीए धापा टाकत म्हणाला, “माझ्याकडे दोन किलो सातशे आहे.”

खिंडीत वाघाचं एक जुनं दगडी शिल्प आहे. ते पाहून बोध्याला चांगदेव आठवले. आठवणारच; चांगदेव वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले होते आणि ‘तत्त्वसार’ त्यांनी ह्याच गडावर लिहिलं असं सांगतात. बोध्यानं आम्हाला उभ्या उभ्या ती सगळी गोष्ट ऐकवली : चौदाशे वर्षं तप केलेले योगी, ज्ञानेश्वरांना पाठवलेलं कोरं पत्र, आणि ते पाहून, इतकी वर्षं जगून हा माणूस कोराच राहिला, असं म्हणणारी एवढीशी मुक्ताबाई. गोष्ट त्यानं सुरेख सांगितली. ती कोणाबद्दल असू शकते, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर कुठंही दिसेना.

“चौदाशे वर्षांत त्यांचं जमलं नाही,” डॉक्टर म्हणाला, “तू शनिवार-रविवारात उरकणार?”

“त्यांना मित्र नव्हते,” बोध्या म्हणाला. त्याक्षणी मला हे फार छान वाटलं होतं. नंतर खांद्याला सॅकचा पट्टा रुतला.

खिंडीच्या वर कातळाचा चढ आहे, आधाराला लोखंडी रेलिंग ठोकलेली. त्याच्या मध्यावर बोध्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटला. ट्रेकला नव्यानं निघणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. बूट वापरून जेवढे खराब होत नाहीत तेवढे माळ्यावर ठेवून होतात. डिंक वाळतो. बाहेरून बूट कोरा करकरीत दिसतो आणि पाच-सहा तास चाललं, की तळ सोडून मोकळा होतो. बोध्याचे बूट राजगडाच्या बोधानंतर थेट माळ्यावर गेले होते. आता त्यातल्या एकानं जबडा उघडला. बोध्यानं रेलिंग धरून पाय पुढं केला. डॉक्टर खाली वाकला, सवयीनं म्हणाला, “आ करा.” मग त्यानं खिशातून दात साफ करायचा फ्लॉसचा धागा काढला आणि बुटाला आठ-दहा वेढे घेऊन अशी गाठ मारली, की ती थेट दुसऱ्या दिवशी गाडीत कात्रीनंच कापावी लागली. एरवी डॉक्टरनं एवढ्यात दोन शिव्या तरी हासडल्या असत्या. तो एक शब्द बोलला नाही. बोलला तो बोध्या.

“तुटणं हा वस्तूचा धर्मच आहे. मला काही वाटत नाही.”

त्याला कशाला वाटेल? ओणवा डॉक्टर झाला होता.

पठारावर टेकड्या चढायच्या आणि उतरायच्या, सात आहेत म्हणतात, मोजू नयेत. दुपार कलता कलता हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी आलो. काळ्या दगडातलं ते कोरीव शिखर समोर आलं आणि पहिल्यांदाच बोध्यासकट सगळे गप्प बसले. पाच मिनिटं. ट्रेकचा सगळा अर्थ ह्या पाच मिनिटांत आहे असं माझं मत आहे, पण ते बोध्यासमोर बोलायची सोय नाही; तो लगेच त्याचं नाव विचारतो.

देवळापासून जवळच केदारेश्वराची गुहा. आत मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी, वर प्रचंड छत. चार खांबांपैकी तीन तुटलेले, एक उभा. चार खांब म्हणजे चार युगं. तीन संपली, चौथा पडला की जगबुडी, अशी लोकांची श्रद्धा. बोध्यानं सदरा काढला. पाण्यातून प्रदक्षिणा घालायची आणि जुना ‘मी’ तिथंच सोडून यायचा, असा बेत होता. जुना ‘मी’ पहिल्याच पावलाला किंचाळला. अर्धी प्रदक्षिणा कशीबशी झाली आणि त्याच्या पोटरीत गोळा आला. तोल सावरायला हाताला लागेल ते धरावं म्हणून त्यानं त्या उरलेल्या एकुलत्या एक खांबाला मिठी मारली.

“सोड!” सीए काठावरून ओरडला. “कलियुग आहे ते! सोड!”

आत दर्शनाला आलेली दोन कुटुंबं चटकन बाहेर गेली. खांब अजून उभा आहे. वाचकांनी निर्धास्त असावं.

मुख्य कार्यक्रम मात्र संध्याकाळी कोकणकड्यावर होता, आणि त्याची कल्पना आम्हाला नव्हती. कोकणकडा ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळणं कठीण. डोंगर एकाएकी संपतो. कडा सरळ खाली न जाता आत वळलेला, वाटीसारखा. काठावर पालथं झोपून डोकं बाहेर काढलं, की खाली कोकण दिसतं आणि पोटात कसंतरी होतं. कर्नल साइक्स नावाच्या साहेबाला इथं धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, ते इंद्रवज्र. कड्याची दुसरी ख्याती वाऱ्याची. वारा त्या वाटीतून खालून वर येतो. टोपी टाकली तर परत येते. पावसाळ्यात धबधब्याचं पाणी उलटं उडतं. हे सगळं साइक्ससकट बोध्यानंच आम्हाला ग्रुपवर पाठवलं होतं.

सूर्य खाली आला तसा बोध्यानं खिशातून कागदाच्या चिठ्ठ्यांचं एक पुडकं काढलं. प्रत्येक चिठ्ठीवर एकेक राग लिहिलेला होता. आयुष्यभराचे सगळे राग, नावासकट, कारणासकट. ते कड्यावरून दरीत सोडायचे आणि मोकळं व्हायचं. “आज मी सगळ्यांना माफ करणार,” तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. त्यानं दोन्ही हातांनी पुडकं वर उचललं आणि पुढं भिरकावलं.

चिठ्ठ्या वीतभर खाली गेल्या. मग थांबल्या. मग सगळ्याच्या सगळ्या वर उसळून आमच्या अंगावर आल्या.

एक डॉक्टरच्या चष्म्यावर बसली. त्यानं ती काढून वाचली. “‘डॉक्टर. रूट कॅनाल. मित्र असून पूर्ण फी.’” थोडा वेळ फक्त वारा ऐकू येत होता. “त्यात कॅप धरून होती,” डॉक्टर म्हणाला. सीएनं हवेतली एक पकडली. तिच्यावर सीए होता, महाबळेश्वरचा टोल होता आणि साल होतं. तो खिशातला पेन काढून तिथल्या तिथं तो टोल चार जणांत पुन्हा विभागू लागला. माझ्या वाट्याची चिठ्ठी एका अनोळखी तंबूवाल्यांच्या चुलीपाशी सापडली; त्यांनी ती आधी वाचली होती हे त्यांच्या माझ्याकडे बघण्यावरून कळलं. ‘लग्नाचा आहेर. भिंतीवरचं घड्याळ. बंद.’ घड्याळ चालू होतं. सेल आपले आपण घालायचे असतात, एवढंच.

बाकीच्या पठारभर पसरल्या होत्या. सासरे होते, फ्रिज होता. सोसायटीचा सेक्रेटरी होता. धाकटा भाऊ तर तीन-चार ठिकाणी होता. सूर्यास्त बघायला आलेले लोक सूर्य सोडून वाचत होते. एवढ्यात लिंबू-सरबताच्या दुकानावरची दहा-बारा वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून बोध्यासमोर उभी राहिली.

“काका, अभयारण्य आहे हे. कागद टाकायचे नसतात. उचला सगळे.”

बोध्यानं उचलले. दुसरं काय करणार? बॅटरी लावून, वाकून वाकून, गवतातून, दगडांच्या फटीतून, बुटाला बांधलेला फ्लॉस सांभाळत. सगळा राग सोडून द्यायला आलेला माणूस रात्रीपर्यंत तो वेचत हिंडत होता. आम्हीही वेचत होतो, मित्र होतो. अंधारात मधूनच आवाज यायचा, “ए, हा मेहुणा कोणाकडे गेला?” ती मुलगी मागून मोजणी करत होती. शेवटची चिठ्ठी हातात देऊन तिनं आम्हाला पाचनईच्या तांदळाची भाकरी आणि पिठलं खाऊ घातलं, आणि सरबताचे पैसे वेगळे घेतले.

रात्री तंबूत बोध्या म्हणाला, “एक गोष्ट कळली मला आज. राग टाकून जात नाही. तो परत येतो. त्याला जवळ घ्यावं लागतं.” सगळ्या चिठ्ठ्या त्याच्या उशाला प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या. दोन मिनिटांत तो घोरायला लागला. डॉक्टर, सीए आणि मी पहाटेपर्यंत जागे होतो.

परतीच्या वाटेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सॅक माझ्याकडेच होती.

सोमवारपासून पुण्यात क्षमापर्व सुरू झालं. बोध्यानं चिठ्ठ्या अक्षरानुक्रमे लावल्या आणि एकेकाला फोन करून माफ करायला सुरुवात केली. अडचण अशी, की बहुतेकांना आपण अपराध केल्याचं माहीतच नव्हतं. सासऱ्यांना त्यानं फ्रिजबद्दल माफ केलं, त्यांनी विचारलं, “कुठला फ्रिज?” मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, सांगता सांगता राग आला, आणि सासरे म्हणाले तो फ्रिज परत पाठवून द्या. सोसायटीच्या सेक्रेटरीनं माफी लेखी मागितली, म्हणजे मीटिंगमध्ये ठेवता येईल. धाकट्या भावाला त्यानं चारही चिठ्ठ्या एका दमात वाचून दाखवल्या. भाऊ शांतपणे म्हणाला, “थांब, माझ्याकडेही आहेत.” बुधवारी रात्री वहिनींचा मला फोन आला.

“भावोजी, पुढच्या वेळी ह्यांना जरा कमी उंचीच्या किल्ल्यावर न्या हो. एवढ्या उंचीचा बोध घराला झेपत नाही.”

त्या हे तक्रारीनं म्हणाल्या नाहीत. त्या कधीच तक्रारीनं बोलत नाहीत. त्यांना लग्नानंतर एकदाही डोंगर चढावा लागलेला नाही, तरी जे काही डोंगर शिकवतो म्हणतात ते सगळं त्यांना येतं.

आणि मला विचाराल, तर फरक पडला तो आमच्यात. डॉक्टर हल्ली पेशंटवर ओरडत नाही. एक म्हातारे गृहस्थ परवा खुर्चीत बसून अर्धा तास आपल्या बायपासची हकीकत सांगत होते, तोंड उघडायला तयार नव्हते. डॉक्टर ऐकत राहिला. नंतर मला म्हणाला, “कोकणकड्यापेक्षा सोपं होतं.” सीएनं हरिश्चंद्रगडाचा हिशेब अजून पाठवलेला नाही. विचारलं तर म्हणतो, “राहू दे. त्या पुस्तकांचं वजन कशात धरायचं तेच कळत नाही.” माझं म्हणाल, तर दोन सॅका घेऊन टोलारखिंड चढल्यापासून ऑफिसच्या फायली फारच हलक्या वाटायला लागल्या आहेत, आणि बोध्याच्या भिंतीवर मी स्वतः जाऊन त्या घड्याळात सेल घालून आलो. चालतंय. हे सगळं आम्ही बोध्याला कळू देत नाही. कळलं तर तो याचंही श्रेय घेईल, आणि वाईट म्हणजे ते द्यावं लागेल.

बोध्या आहे तसाच आहे. सध्या फ्रिजच्या वादात आहे.

डिसेंबरात रतनगड ठरलाय. रतनवाडीतून चढायचं, अमृतेश्वराचं देऊळ बघून. शिड्या आहेत, नेढं आहे, वरून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. बोध्यानं ग्रुप काढलाय, नाव आहे ‘रतनगड : आतल्या रत्नाकडे’. ह्या वेळी त्याचा विषय ‘अपरिग्रह’ आहे आणि त्यासाठी त्यानं ऐंशी लिटरची नवी सॅक घेतली आहे. गाडीत एक जागा रिकामी आहे. ज्यांना स्वभावात काही सुधारणा करून हवी असेल त्यांनी जरूर यावं. पाणी तीन लिटर, टॉर्च, एक दिवसाचं जेवण, जुने पण वापरातले बूट. आणि आपली सॅक अर्धी रिकामी ठेवा.